रिव्हॉल्व्हरवर मारलेलं साल

आमच्या गल्लीत त्याला खऱ्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. 'कशावरून' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा समोरच्या निळ्या दाराकडे बोट दाखवायचं. त्याचा धंदा जुन्या हत्यारांचा. म्हणजे विकायचा नव्हे, पारखायचा. तलवारी, कट्यारी, ज्यांच्या नळीतून आता फक्त कोळी बाहेर पडतात असल्या बंदुका लोक फडक्यात गुंडाळून आणायचे आणि विचारायचे, हे किती जुनं आणि याला काय येईल? आणणारा हमखास म्हणायचा, "आमच्या खापरपणजोबांचं आहे हो." हा मान वर न करता विचारायचा, "कशावरून?" झालं, तेच नाव पडलं.

माझं खुर्च्या विणायचं दुकान त्याच्या बरोबर समोर. मी वेत ओढत बसायचो, तो डोळ्याला भिंग लावून बसायचा, मधून रस्ता वाहायचा. जन्मभराची दोस्ती, पण मला विचाराल तर त्यानं माझ्यावरही पुरता विश्वास कधी टाकला नाही. चहाचे पैसे मी दिले की म्हणायचा, "आज काय काम काढलंस?"

वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगायची ती गोष्ट तर ऐकाच. लग्नाआधी हे दोघं पहिल्यांदा भेटले तेव्हा तिनं आपलं वय सांगितलं. हा म्हणाला, "कशावरून?" वहिनी म्हणते, "तेव्हाच उठून जायला हवं होतं मी. पण चपला नव्या होत्या, चावत होत्या. म्हटलं, जरा बसू." ते बसणं आजतागायत चाललंय.

डॉक्टरांनी एकदा त्याला सांगितलं, पोटात दुखतंय ते पित्त आहे. यानं तिथंही तेच विचारलं. डॉक्टरांनी वैतागून तपासण्या करायला लावल्या, तर निघाला मूतखडा. देवानं ते करायला नको होतं. त्या दिवसापासून हा गडी कोणालाच आवरेना. दूधवाला, वाणी, पोस्टमन, सगळे त्याच्या नजरेत आरोपी.

पण हेही खरं, की त्याच्या धंद्यात माणूस भोळा असून चालत नाही. तरुणपणी उस्तादांकडे शिकत असताना एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतलं पाणी बघून यानं एक पिस्तूल अस्सल ठरवलं होतं. निघालं नकली. उस्तादांनी याचं भिंग काढून घेतलं आणि पुढे कितीतरी दिवस नुसती लाकडी मूठ घासायला लावली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीही फुंकून प्यायला लागला.

एकदा माझ्यादेखत एक सुटाबुटातला माणूस गंजलेलं पिस्तूल घेऊन आला. समुद्रात बुडालेल्या जहाजातलं म्हणाला. यानं काय करावं? उचललं आणि सरळ जीभ लावली! तो माणूस "अहो, अहो" करतोय. हा शांतपणे तोंड पुसून म्हणाला, "मीठ ताजं आहे. बादलीत किती दिवस ठेवलं होतं?" तो माणूस पिस्तूल न घेताच गेला. ते अजून दुकानात आहे, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावतात.

आता मूळ गोष्टीवर येतो.

कशावरूनची एकुलती एक लेक. चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांचे डोळे तपासायची. तिथं एक मुलगा चष्मा करायला आला. जाड भिंगाचा, लाजाळू, शर्टाच्या बाहीला पीठ. वरच्या पेठेतल्या बेकरीवाल्यांचा मुलगा. पहिल्यांदा चष्म्याला आला, मग दांडी सैल झाली म्हणून आला, मग दांडी घट्ट झाली म्हणून आला. लेकीनं एक दिवस घरी सांगून टाकलं, "मला याच्याशीच लग्न करायचंय."

कशावरूननं मुलाबद्दल चौकशी केली. वाईट काही निघेना. त्यामुळे त्याचा संशय आणखी वाढला. मला म्हणाला, "इतकं चांगलं स्थळ आपल्याकडे का येईल?"

"तुझ्याकडे नाही आलंय रे, तुझ्या लेकीकडे आलंय," मी म्हटलं.

तर एका सकाळी बेकरीवाले स्वतः त्याच्या दुकानात हजर. गोल, घामाघूम, मोठ्यानं हसणारा माणूस. मी समोरून पाहिलं आणि हातातली खुर्ची टाकून लगेच तिकडे गेलो. माझं काही काम नव्हतं, पण असल्या वेळी काम लागतंच असं नाही.

बेकरीवाल्यांनी पिशवीतून पावाच्या कागदात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर काढलं. असं चकाकत होतं की त्यात माझं नाक दिसलं.

"आमच्या पणजोबांचं," ते म्हणाले. "बेकरी काढली त्याच वर्षी एका शिपायानं त्यांना दिलं. पोतंभर टोस्टच्या बदल्यात. यातून आता गोळी सुटत नाही, कागदपत्रं आहेत सगळी. म्हटलं, आता आपण घरचेच होणार. तुम्ही नीट बघून एक कागद लिहून द्या. किती सालचं, काय किमतीचं. तुमची सही म्हणजे सोनं!"

सही म्हटल्याबरोबर कशावरूनचा चेहरा दाराला कडी लावावी तसा बंद झाला. मला कळलं, आता काही खरं नाही.

"ठेवून जा," तो म्हणाला.

बेकरीवाले गेल्यावर त्यानं रिव्हॉल्व्हर खिडकीशी उजेडात धरलं. मी विचारलं, "नकली आहे का?" त्यानं आधी घोडा बघितला, मग चाप, मग स्क्रूंच्या खाचा. गोळ्यांची चक्री फिरवून मागून बघितली, पुढून बघितली. मग मला म्हणाला, "हे बघ. याला काडतूस चालत नाही. चक्रीच्या प्रत्येक घरात पुढून दारू ठासायची, वर गोळी बसवायची आणि मागे ही छोटी बोंडं आहेत ना, त्यांच्यावर ठिणगी देणारी टोपी लावायची. ठासणीचं रिव्हॉल्व्हर. नळीवर, चौकटीवर, चक्रीवर, तिन्हीकडे एकच नंबर. म्हणजे कुठला भाग बदललेला नाही. माल अस्सल आहे."

"मग झालं तर!"

"झालं कसं? हे बघ."

नळीच्या बाजूवर साल होतं. १८९१. ठसठशीत.

"जुन्या लोखंडावर एक तपकिरी साय धरते. शंभर वर्षं लागतात धरायला. ती यांनी विटकरीच्या भुकटीनं घासून काढलीय. कशाला? आणि या आकड्यांवरून बोट फिरव."

मी फिरवलं. कडा बोटाला लागत होत्या.

"लोखंडावर ठसा ठोकला की कडेचं लोखंड वर येतं. हाताळून हाताळून ते बोथट होतं. हे अजून टोचतंय. म्हणजे साल कालपरवा मारलंय. आणि नवाच्या शेपटीला टवका उडालाय बघ. कोणाच्या तरी घरच्या ठशानं ठोकलंय."

त्यानं भिंग ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यांना माझी पोरगी नकोय. माझी सही हवीय. खोट्या सालावर खरी सही. पोरगी वर फुकट."

त्या संध्याकाळी त्याच्या घरी जे झालं ते मी पाहिलंय, कारण वहिनीनं मलाच बोलावून घेतलं होतं. "भाऊजी, तुम्ही बसा, म्हणजे हे जरा हळू ओरडतील." कशावरूननं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि जाहीर केलं, "हे लग्न होणार नाही. ती माणसं फसवी आहेत."

लेक हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "कशावरून?" तिनं विचारलं.

बापाला तो शब्द त्याच्याच घरात ऐकायची सवय नव्हती. जरा दचकला. मग त्यानं कडा दाखवल्या, टवका दाखवला, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. डोळे तपासणारी मुलगी, तिला धीर फार.

"बाबा, साल नंतर मारलंय हे सिद्ध झालं," ती म्हणाली. "फसवायला मारलंय हे कुठे झालं?"

"दुसऱ्या कशाला मारतील?"

"ते तुम्ही शोधा. अनोळखी माणसाच्या तलवारीसाठी तुम्ही महिनामहिना पुस्तकं चाळता. माझ्या जन्माचा प्रश्न आहे, आणि तुम्ही खिडकीशी उभं राहून निकाल देता?"

वहिनी आतून म्हणाली, "बरोबर बोलली."

"तुम्ही शोधून मला दाखवा, की त्यांनी फसवायला मारलंय," लेक म्हणाली. "तसं निघालं तर मी स्वतः नाही म्हणेन. पण नुसत्या संशयावर नाही म्हणणार नाही."

कशावरून त्या रात्री नीट जेवला नाही असं वहिनीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन उभा. "बेकरीवाल्यांकडच्या वेताच्या खुर्च्या तू विणतोस ना?"

"मोडल्या की बोलावतात."

"आज मोडल्यात असं समज. मी तुझा मदतनीस."

हसू लपवायला मी वेताची मोळी बांधायला घेतली. सांगायचं म्हणजे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, खांद्यावर माझी वेताची मोळी घेऊन हा शहाणा माणूस दुपारच्या वेळी माझ्या मागून बेकरीच्या मागच्या दारानं आत शिरला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणतात; इथं संन्यासीच चोरासारखा निघाला होता.

भट्टी थंड होती. एक म्हातारा कारागीर पिठाच्या पोत्याला टेकून डबा खात बसला होता. मी त्याच्याशी खुर्च्यांचं बोलत राहिलो आणि कशावरून भिंतीकडेनं बघत निघाला. मग त्यानं मला कोपरानं ढोसलं.

पावाच्या पत्र्याच्या ट्रेंची चळत होती. प्रत्येक ट्रेच्या काठावर १८९१. भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं, त्याच्या दांड्यावर १८९१. तराजूवर १८९१. पाण्याच्या पिंपावर, दाराच्या कडीवर, कुत्र्याच्या पट्ट्याच्या बिल्ल्यावर १८९१. कुत्रा दोन वर्षांचासुद्धा नसेल!

"हे काय हो?" मी कारागिराला विचारलं.

"मालकांची खोड," तो घास गिळत म्हणाला. "बेकरी कधी निघाली ते साल. नवी वस्तू आली की आधी साल ठोकायचं, मग वापरायची. त्यांच्या वडलांपासून आहे हे. हा बघा माझा डबा. माझ्या पैशानं घेतलेला. त्याच्यावरपण ठोकलंय!"

डब्याच्या झाकणावरच्या नवाच्या शेपटीला टवका होता. कशावरूननं झाकण हातात घेऊन ते डोळ्याजवळ नेलं आणि तेवढ्यात बाहेरून बेकरीवाल्यांचा मोठा आवाज आला. ते दारापर्यंत आलेच होते, पण पुढच्या दुकानातून मुलाची हाक आली, "बाबा, आधी इकडे या, लवकर! फोन आहे!" आणि ते परत वळले. आम्ही वेताची मोळी घेऊन असे निघालो की विचारू नका.

अर्धा रस्ता कशावरून भराभर चालत राहिला. मग स्वतःशीच सुरू झाला. "ठसा त्यांचाच. पुरावा पक्का. पण लबाड माणूस माल जुना करून दाखवतो. यानं नवा केलाय. ठासणीचं रिव्हॉल्व्हर, अठराशे साठच्या सुमाराचं. १८९१ला असलं कोण बनवत होतं? तोपर्यंत सगळीकडे काडतुसं आली होती. यानं स्वतःच्याच मालाचं तीस वर्षं वय कमी केलंय आणि वर तो ठोकून खराब केलाय. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारा लबाड मी अजून पाहिला नाही."

"मग लबाड नाही."

"नाही. मूर्ख आहे."

"मूर्ख व्याही चालेल?"

"मूर्खपणाला औषध असतं का?"

"तुला मुलगी देताना वहिनीच्या बापानंही हाच विचार केला असेल," मी म्हटलं. यावर त्यानं मोळी माझ्या खांद्यावर टाकली.

पण संशय असा सहज उतरत नाही. घराशी आल्यावर म्हणाला, "मग माझी सही कशाला हवी होती? तेवढं राहिलंच."

चार दिवसांनी बेकरीवाले मुलाला घेऊन घरी आले. कशावरूननं कागद तयार ठेवला होता. असे कागद मी त्याचे पुष्कळ पाहिलेत. त्यात एक शब्द इकडचा तिकडे नसतो. त्यानं तो मोठ्यानं वाचला. ठासणीचं रिव्हॉल्व्हर, सगळे भाग मूळचे, बांधणीवरून अठराशे साठच्या सुमाराचं.

"म्हणजे सांगितलं त्याहून जुनं!" बेकरीवाले मांडीवर थाप मारून म्हणाले.

"हो. तुमच्या पणजोबांच्या गळ्यात त्या शिपायानं जुनाच माल मारला," कशावरून म्हणाला आणि पुढे वाचू लागला. नळीवरचं साल अलीकडे मारलेलं. पृष्ठभाग घासल्यामुळे आणि या ठशामुळे किंमत निम्म्याहून खाली आलेली. किमतीचा आकडा. बेकरीवाल्यांचं हसू हळूहळू ओसरलं. मुलगा चष्मा पुसत खाली बघत होता. लेक दाराच्या चौकटीला धरून उभी.

शेवटची ओळ वाचण्याआधी कशावरून थांबला. "साल मालकानं स्वतः मारलेलं असून त्यात फसवण्याचा हेतू नाही."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. असली ओळ या माणसानं आयुष्यात कोणाच्या कागदावर लिहिली नव्हती. 'हेतू सांगता येत नाही' असं लिहायचा, तेही मेहेरबानी म्हणून.

बेकरीवाल्यांनी कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, "एक ओळ खोडाल का?"

कशावरूनचे डोळे बारीक झाले. "कुठली?"

"किमतीची. चुलतभाऊ आहेत चार. आकडा बघितला की वाटणी मागायला येतील. निम्मी झाली तरी निम्म्याची निम्मी मागतील."

"तुम्हाला विकायचं नाही?"

"छे! विकतोय कोण?"

"मग कागद कशाला हवा होता?" कशावरूननं विचारलं. आवाज पोलिसाचा होता, पण त्यात थोडी विनवणीही मला ऐकू आली.

बेकरीवाल्यांनी मुलाकडे पाहिलं आणि कसनुसं हसले. "खरं सांगू? हा म्हणाला, मुलीचे वडील फारसं कोणाशी बोलत नाहीत. जुन्या हत्यारांवर तेवढे बोलतात. मी रात्रभर विचार केला, पावावर काय बोलणार तुमच्याशी? मग माळ्यावरचं हे आठवलं. तुम्हाला दाखवायचं म्हणून मी स्वतः घासलं हो, दोन दिवस. आणि घासल्यावर म्हटलं, साल राहिलंय की."

कशावरूननं पेन उचललं, किमतीची ओळ खोडली, बाजूला छोटी सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. चहा झाला. बेकरीवाले जाताना दारातही हसले, पण पूर्वीइतक्या मोठ्यानं नाही; निम्म्या किमतीचं दुःख कुठंतरी होतंच.

मंडळी गेल्यावर कशावरून लेकीला म्हणाला, "बाप भोळा आहे, मान्य. पण मुलगा बरा आहे हे कशावरून? तू मला एक तरी पुरावा दाखव."

ती कपबशा उचलत होती. त्या तशाच हातात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही टॉवेल गुंडाळून बेकरीत गेला होता."

मी चपला शोधायला लागलो.

"त्यानं तुम्हाला ओळखलं होतं. पुढच्या दुकानातून दिसलात. फोनबिन काही नव्हता. वडलांनी तुम्हाला त्या अवतारात बघू नये, म्हणून त्यांना हाक मारली. मला सांगितलं, वर म्हणाला, तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल. आज सबंध वेळ समोर बसला होता. एकदा तरी हसला का?"

वहिनी स्वयंपाकघरात होती; भांड्यांचा आवाज थांबला. कशावरून टेबलाकडे बघत राहिला. मी वाट बघत होतो, आता विचारील, ओळखलं होतं कशावरून? फोन नव्हता कशावरून? नाही विचारलं. बराच वेळ तो अंगठ्यानं टेबलाची कड चाचपत बसला.

"त्यांना तारीख विचार," शेवटी म्हणाला. "त्यांच्या सोयीची."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो एकटाच वरच्या पेठेत गेला आणि टॉवेलची गोष्ट बेकरीवाल्यांना स्वतःच्या तोंडानं सांगून आला. तिथं काय बोलणं झालं ते मी पुष्कळ खोदून विचारलं. अजून सांगितलेलं नाही.